अबोली पोकळी

२०४४च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नाझनीन मुल्ला हर्षदा साबळेच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मला डोळ्यांनी बघायला शिकवा.”

हर्षदाला हसू आलं. “तुला मी काय शिकवणार? तू डॉक्टरेट, मी साधी बी.एस्सी.”

“पण तुम्ही दोन लाख वर्णपट एकेक करून पाहिलेत. आमच्यात कुणी वीससुद्धा पाहिले नसतील. आमचं सगळं प्रोग्रॅमच बघतो.”

साताऱ्याबाहेर, कोरेगाव रस्त्याला, खगोल सर्वेक्षण केंद्राची ती दुमजली इमारत होती. दुर्बीण इथे नव्हती, ती लडाखमध्ये. तिने टिपलेला प्रकाश रंगारंगांत फोडून, म्हणजे वर्णपट होऊन, आकड्यांच्या रूपात इथे यायचा आणि त्यातून विश्वाचा नकाशा तयार व्हायचा. हर्षदा इथे सतरा वर्षं वर्णपट तपासनीस होती. एके काळी असे अकरा तपासनीस होते. आता ती एकटीच उरली होती, आणि तिचंही काम बहुतेक जुन्या नोंदी सांभाळण्याचं झालं होतं.

हा नकाशा कसा बनतो ते हर्षदाचा नवरा रणजित फार सोपं करून सांगायचा. तो भूगोलाचा शिक्षक. शाळेतल्या मुलांना तो म्हणायचा, “बोअर मारताना बघितलंय ना? आधी काळी माती येते, मग मुरूम, मग खडक, मध्येच ओला चिखल. किती फुटांवर काय निघालं ते लिहून ठेवलं, की खाली न उतरता तिथले थर कळतात. तालुक्यातल्या हजार बोअरच्या नोंदी जमवल्या, तर जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं त्याचा नकाशाच निघेल. आकाशात बोअर मारायचं काम क्वेसार करतात.”

क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेलं राक्षसी कृष्णविवर. त्यात कोसळणारा वायू इतका तापतो की त्याचा उजेड अब्जावधी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत पोचतो. वाटेत त्याला हायड्रोजनचे विरळ ढग लागतात. प्रत्येक ढग उजेडातला एक ठरावीक रंग थोडासा खातो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे उजेड वाटेत ताणला जातो, आणि पुढच्या ढगापाशी पोचेपर्यंत त्या रंगाच्या जागी उजेडाचा दुसराच भाग आलेला असतो. म्हणून आपल्या हाती येणाऱ्या वर्णपटात शेकडो बारीक काळ्या रेषा असतात. रेषा कुठे आहे त्यावरून ढग किती लांब ते कळतं, आणि ती किती गडद आहे त्यावरून त्यात वायू किती ते. एक क्वेसार म्हणजे एक बोअर. असे लाखो क्वेसार घेतले, की दीर्घिकांना जोडणारे वायूचे धागे, त्यांच्या गाठी आणि मधल्या रिकाम्या जागा दिसायला लागतात.

त्या रिकाम्या जागांमधली सगळ्यात मोठी जागा पावणेबारा अब्ज वर्षांपूर्वीच्या विश्वात होती. तिचं नाव अबोली पोकळी.

अबोली ही हर्षदा आणि रणजितची मुलगी. २०३५च्या जुलैत, अकराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी नकाशात ती पोकळी सापडली. ती आकाशाच्या ज्या पट्ट्यात होती, त्या एकेचाळीस नंबरच्या पट्ट्याचे सगळे वर्णपट हर्षदाने मुलीच्या उशाशी बसून तपासून दिले होते. म्हणून केंद्राचे संचालक डॉ. शिरीष गोळे यांनी पोकळीला अबोलीचं नाव सुचवलं, आणि ते मान्यही झालं. पोकळी अवाढव्य होती. विश्वाच्या तेव्हाच्या वयात एवढी मोठी जागा रिकामी व्हायला वेळच पुरत नव्हता, त्यामुळे जुने सिद्धांत अडचणीत आले. नवे मांडले गेले. चारशेच्या वर शोधनिबंध निघाले. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिच्यावर एक परिच्छेद आला.

नाझनीनने त्या पोकळीला सहा वर्षं दिली होती. पुढच्या महिन्यात ती चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर जाणार होती, पोकळीच्या कडा मोजायला. त्याआधी तिला हर्षदाने हाताने आखलेल्या रेषांवर नवा प्रोग्रॅम शिकवून तयार करायचा होता.

“बस,” हर्षदा म्हणाली. “एकेचाळीसचाच पट्टा उघडते. हे बघ, ढगाने किती उजेड खाल्ला ते सांगायचं असेल, तर आधी मुळात उजेड किती होता ते कळायला हवं. ताटात किती वाढलं होतं ते माहीत नसेल, तर किती खाल्लं ते कसं सांगणार? म्हणून वर्णपटाच्या माथ्यावरून एक मूळ रेषा आखायची. प्रोग्रॅम आखतो, पण इथे गडबडतो.” तिने पडद्यावर मध्यभागी बोट ठेवलं. “इथे निळा कॅमेरा संपतो आणि लाल सुरू होतो. या सांध्यावर प्रोग्रॅमची रेषा खाली बसते. ती आपण हाताने उचलायची. नाही उचलली, तर ताट मुळातच कमी वाढलं होतं असं वाटतं, आणि ढगाने काही खाल्लंच नाही असा अर्थ निघतो.”

पहिला वर्णपट उघडला. सांध्यावर रेषा खाली बसलेली होती.

“ही राहिली वाटतं माझ्याकडून,” हर्षदा म्हणाली आणि दुसरा उघडला. तोही तसाच. तिसरा. चौथा. नाझनीनचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत व्हरांड्यात गेली. हर्षदाने सगळ्या नोंदींची यादी काढली. एका वर्णपटाला एरवी मिनिट-दीड मिनिट लागायचं. यादीत वेळेच्या रकान्यात दोन सेकंद होते. तीन सेकंद. दोन. दोन. मग तासभर काही नाही. मग पुन्हा दोन, दोन, तीन. तारखा मार्च ते जुलै २०३५.

नाझनीन परत आली तेव्हा हर्षदाने पडद्यावरची यादी बंद केली होती. “उद्या बघू या का? माझं डोकं चढलंय.”

पुढचे तीन दिवस ती दार लावून बसली. एकेचाळीसच्या पट्ट्यात दोन हजार आठशे साठ वर्णपट होते. त्यातले साठ तिने कुठलाही क्रम न लावता उचलले आणि पूर्वी आखायची तशा मूळ रेषा नीट आखल्या. प्रत्येक वर्णपटात, सांध्यापाशी, पावणेबारा अब्ज वर्षांच्या खुणेवर, वायू परत आला. कुठे जास्त, कुठे कमी, आकाशात इतर ठिकाणी असतो तसाच. शुक्रवारी दुपारी साठावा संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण एकसष्टावा उघडायला घाबरतोय आणि त्याची गरजही नाहीये.

२०३५च्या त्या उन्हाळ्यात ते तिघं पुण्यातल्या एका इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर राहत होते म्हटलं तरी चालेल. उपचार हर्षदाच्या नोकरीच्या विम्यावर चालले होते आणि नोकरी कंत्राटी होती. पट्टा वेळेत झाला नाही तर कंत्राट पुढे सरकणार नव्हतं. गोळे सरांनी घरून काम करायची परवानगी दिली होती. अबोलीच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन हर्षदा वर्णपट उघडायची. रणजित रक्तदाते शोधत फिरायचा.

“आई, बंद कर ना ते,” अबोली म्हणायची.

“एवढा गठ्ठा होऊ दे, बाळा.”

एकदा रणजितने लॅपटॉप तिच्या हातातून ओढून घेतला होता. “ती तुझ्याशी बोलतेय, हर्षदा!” मग दोन मिनिटांनी त्यानेच तो परत आणून दिला, कारण विमा कशावर चालतो ते त्यालाही माहीत होतं.

अबोली गेल्यावर वर्षभर दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिले. एकदाच तो बोलला. “तू तिथे होतीस, पण नव्हतीस.”

मग एका रविवारी गोळे सर मोठा छापील नकाशा गुंडाळून घेऊन घरी आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो पसरला आणि धाग्यांच्या जाळ्यातल्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवून तिचं नाव सांगितलं. रणजित बराच वेळ नकाशावर वाकून उभा होता. सर गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. म्हणाला, “म्हणजे तू तेव्हा तिचंच काम करत होतीस. मला कळलं नाही.” त्या दिवशी दोघं पुन्हा एकत्र जेवले. नंतर त्याने ॲक्रिलिकचा एक पारदर्शक ठोकळा बनवून घेतला. आत लेसरने कोरलेलं वायूचं जाळं आणि मधोमध ती मोकळी जागा. तो ठोकळा घेऊन तो गावोगावच्या शाळांत जायचा. आठ वर्षांत चारशे शाळा झाल्या होत्या.

सोमवारी हर्षदा गोळे सरांच्या खोलीत गेली आणि साठ वर्णपट त्यांच्यापुढे ठेवले. सरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पाच-सहा पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“प्रत्येक वर्णपट दोघांनी पाहायचा असा नियम होता,” ते म्हणाले. “दुसरी सही माझी आहे.”

“हो.”

“मी एकही उघडला नव्हता, हर्षदाताई. तुमचा पट्टा अडकू नये म्हणून सह्या करत गेलो. वाटलं, ही बाई इतकी वर्षं बघतेय, चुकणार नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “पोकळी सापडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, तुमच्या त्या दिवसांचं काहीतरी झालं.”

“आता काय करायचं, सर?”

सर उठून खिडकीशी गेले. “दोन वर्षांनी दक्षिणेकडची नवी दुर्बीण हाच भाग पाहणार आहे. तिच्यात सांधाच नाही. पोकळी दिसणार नाही. लोक म्हणतील, जुनी साधनं तोकडी होती. असं होतंच असतं. कुणाचं नाव येणार नाही. तुमचं नाही, माझं नाही. अबोलीचं नाव हळूहळू यादीतून निघून जाईल, कुणाला कळणारही नाही.”

“आणि नाझनीन?”

“तिला दोन वर्षांनी कळेल.”

“तोवर तिची आठ वर्षं गेलेली असतील.”

“सहा तर गेलीच आहेत,” सर म्हणाले आणि लगेच त्यांचं त्यांनाच ते बोलणं आवडलं नाही. “मी सांगू नका म्हणत नाही. चार दिवस विचार करा एवढंच म्हणतो. घरी बोला. रणजितरावांशी बोला.”

घरी रणजित दुसऱ्या दिवशीच्या रहिमतपूरच्या शाळेची तयारी करत होता. ठोकळा जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवत होता. संध्याकाळचे सहा वाजले होते, बाहेर अजून ऊन होतं. हर्षदाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने दोनतीन साध्या शंका विचारल्या, शिक्षक विचारतात तशा. साठच का? साठ पुरतात का? दुसऱ्या कुणी पाहिलं का? तिने उत्तरं दिली.

“नक्की तर,” तो म्हणाला.

“नक्की.”

तो खुर्चीवर बसला. “मला यातलं विज्ञान तुझ्याइतकं कळत नाही. माझी एकच शंका आहे. तू तेव्हा तिच्याकडे बघत नव्हतीस, कारण तू वर्णपट बघत होतीस. मी ते मान्य केलं. माफ केलं असं म्हण हवं तर. आता तू म्हणतेस की तू वर्णपटही बघत नव्हतीस. मग हर्षदा, ते पाच महिने तू कुणाकडे बघत होतीस?”

हर्षदाला पदर सावरावासा वाटला, पाणी प्यावंसं वाटलं, काहीही करावंसं वाटलं. “मला तिच्याकडे बघवत नव्हतं,” ती म्हणाली. “दंडावरचे ते काळेनिळे डाग. पापण्या गळलेल्या. म्हणून पडद्याकडे बघायचे. पडद्यावर काय होतं तेही दिसत नव्हतं, अहो. नुसतं बटण दाबायचे. काम चाललंय असं वाटायचं.”

“मी बाहेर रक्तासाठी लोकांच्या हातापाया पडत होतो.”

“माहीत आहे मला.”

“निदान एक जण तिच्यापाशी आहे, असं मला वाटायचं.”

तो उठला, पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली. मग तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, “नको सांगूस कुणाला. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एक मागतो. सर म्हणतात तसं दोन वर्षांनी आपोआप जाऊ दे. आपोआप गेलं तर मला सोसवेल. तू पुसलंस असं नको.”

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रणजितने ते हो धरलं असावं, कारण त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने तिला चहा करून दिला आणि रहिमतपूरला गेला.

त्या मंगळवारपासून तीन आठवडे हर्षदा नाझनीनला टाळत राहिली. कधी डोकेदुखी, कधी नोंदींचं काम, एकदा चक्क दुसऱ्या जिन्याने खाली उतरली. नाझनीनला वाटलं, मॅडमना त्या पट्ट्याने जुने दिवस आठवतात. म्हणून ती स्वतःच माफी मागायला आली. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“मॅडम, मी तुम्हाला तो पट्टा उघडायला लावायला नको होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं.” ती समोर बसली. “परवा निघतेय मी. अम्मी रोज रडते. लग्न दोनदा पुढे ढकललं, तिसऱ्यांदा मुलाकडच्यांनीच नको म्हणून कळवलं. पण मी अम्मीला म्हटलं, मला नशिबाने मिळालेलं काम आहे हे. अबोली नसती तर मी मिरजेत कुठल्या तरी क्लासमध्ये शिकवत बसले असते. रणजितसर आमच्या कॉलेजात आले होते तो ठोकळा घेऊन. त्या दिवशी मी ठरवलं होतं.”

हर्षदाने पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

“काय?”

“नाझनीन, तिथे काही नाहीये. म्हणजे सगळं आहे. पोकळी नाहीये. दार लाव आणि इकडे ये.”

तिने यादी उघडली. नाझनीनने वेळेचा रकाना पाहिला, मग तारखा पाहिल्या. मग खुर्ची ओढून स्वतः माउस घेतला. हर्षदाने आखलेले साठ तिने पाहिले, आणि तिच्यावर विश्वास न ठेवता यादीतून आणखी वीस स्वतः निवडले. रेषा कशी उचलायची ते हर्षदाला सांगायची गरज पडली नाही. मुलगी हुशार होती. विसाव्याला ती थांबली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू आलीस त्याच दिवशी. त्या मंगळवारी.”

“तीन आठवडे.” नाझनीनचा आवाज चढला नाही. “तीन आठवडे मी दिल्लीला, चिलीला, सगळ्यांना मेल पाठवतेय की कडा इतक्या स्पष्ट आहेत, तितक्या स्पष्ट आहेत. आणि तुम्ही जिन्यावरून मला बघून वळत होतात.”

“हो.”

“नऊ वर्षांपूर्वी जे झालं ते मी समजू शकते, मॅडम. तुमची मुलगी जात होती. त्यात मी काय बोलणार? पण या तीन आठवड्यांत कोण जात होतं?”

ती उठली. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हर्षदाने दोन पानांचा अहवाल लिहिला: कोणत्या तारखांना, कुठे बसून, काय केलं आणि काय केलं नाही. त्याखाली एकटीचीच सही केली. गोळे सरांनी ते पाहून आपली सही खाली जोडली, नियम मोडल्याचं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि महिन्याअखेर संचालकपद सोडलं. नाझनीनने चिलीचं जाणं रद्द केलं. अडीच महिने ती त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसून एकेचाळीसच्या पट्ट्याचे दोन हजार आठशे साठ वर्णपट हाताने आखत होती. दोघी जिन्यात भेटल्या तर नाझनीन मान हलवायची, एवढंच. मे अखेरीस तिचा निबंध आला. त्यात हर्षदाचं नाव एकदाच होतं, अहवालाचा संदर्भ म्हणून. दुसरीकडे कुठे नाझनीनला खगोलात जागा मिळाली नाही. ज्या विषयात तिने नाव कमावलं होतं तो विषयच उरला नव्हता. हैदराबादला हवामानाचे अंदाज देणाऱ्या एका कंपनीत ती लागली. जाताना भेटायला आली नाही.

बातम्यांमध्ये दोन दिवस गाजावाजा झाला. कुणीतरी अबोलीचा शाळेतला फोटो कुठून तरी मिळवून छापला. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद पुढच्या आवृत्तीतून निघेल असं मंडळाने कळवलं. आकाशातल्या नावांच्या यादीत अबोलीच्या नावापुढे ‘रद्द’ असा शेरा पडला. हर्षदाचं कंत्राट जूनमध्ये संपलं आणि कुणी ते वाढवायचा विषय काढला नाही, तिनेही नाही.

रणजित रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. ज्या दिवशी अहवाल गेला त्या दिवशी तिने त्याला स्वतःच सांगितलं. त्याने फक्त, “बरं,” म्हटलं. शाळांना फोन करून ठरलेले कार्यक्रम रद्द केले. प्रत्येक मुख्याध्यापकाला कारण सांगताना तो तेच वाक्य म्हणत होता, “मी सांगत होतो ते चूक निघालं.” जूनमध्ये फलटणला बहिणीकडे आठ दिवस राहून येतो म्हणून गेला, आणि तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागला. कपडे नेण्यासाठी एकदा येऊन गेला, तेव्हा हर्षदा बाजारात गेली होती.

ऑक्टोबरात एका दुपारी त्याचा फोन आला. चार महिन्यांत पहिला. हर्षदा नुकतीच कपडे वाळत घालून आत आली होती.

“कशी आहेस?”

“बरी आहे. तुम्ही?”

“ठीक.” मागून शाळेच्या मैदानातला गलका ऐकू येत होता. “नाझनीनचा तो निबंध वाचला. सगळा कळला नाही. तिथे आता काय आहे?”

“वायू आहे. धागे आहेत. बाकी सगळीकडे असतात तसेच. एका बाजूला सरासरीपेक्षा थोडा जास्तच आहे.”

“म्हणजे वेगळं काही नाही.”

“नाही.”

हर्षदाला वाटलं, आता ठेवेल. पण तो म्हणाला, “मला एक विचारायचंय. तू शेवटच्या दुपारचं सांगितलं होतंस मला. मी रक्तपेढीत होतो. तू सांगितलंस, की ती शुद्धीवर आली आणि तिने विचारलं, बाबा कुठे? मग तू म्हणालीस, येतोय बाबा, आणि ती हसली.”

हर्षदाच्या हातात कपड्यांचा एक चिमटा तसाच राहिला होता. तिने तो ओट्यावर ठेवला.

“नऊ वर्षं मी रोज ते आठवतो,” रणजित म्हणाला. “फलटणला आल्यावर एक दिवस माझ्या मनात आलं, की तू त्या दुपारीसुद्धा स्टुलावरच होतीस. ती खरंच तसं म्हणाली होती का?”

हो म्हणायला काहीच लागणार नव्हतं. एक शब्द. तो तिकडे बसून तिच्या ‘हो’ची वाट पाहत होता हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. आणि ही गोष्ट तपासायला जगातली कुठलीही दुर्बीण येणार नव्हती.

“ती काहीतरी म्हणाली,” हर्षदा म्हणाली. “ओठ हलले. मी पडद्यावरून मान वर करेपर्यंत ते थांबले होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून मी ते सांगितलं.”

मैदानातला गलका वाढला, मग घंटा झाली आणि तो हळूहळू ओसरला. हर्षदाने फोन कानाला घट्ट धरून ठेवला. भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं. ती वाट पाहत राहिली.

“माझा तास आहे,” शेवटी तो म्हणाला. मग, सवयीने म्हणावं तसं, “जेवलीस का?”

“नाही अजून.”

“जेवून घे,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.